एका जंतूची चाहूल

उतारवयातील मूत्रमार्गाचा संसर्ग पुष्कळदा तापाची वर्दी देत नाही. अन्नावरची वासना उडते, तोल जातो. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते. घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो. डॉक्टर लघवीचे कल्चर करण्यास सांगतात. नमुना कोल्हापुरात द्या वा मुंबईत, जंतू वाढून त्यावर कोणते औषध लागू पडेल हे कळण्यास दोन-तीन दिवस लागतातच. हे दिवस रुग्णाच्या आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या कसोटीचे असतात.

हा अवधी घटवण्याच्या प्रयत्नांत ग्राफीनकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. पेन्सिलीतील शिसे म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट. त्याचा एकाच अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. हा थर वेगळा करून दाखवणाऱ्या गाइम व नोवोसेलोव्ह यांना २०१० चे नोबेल मिळाले. त्यातील प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असल्याने वर काही टेकताच त्यातून वाहणारी वीज बदलते. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठातील निहार मोहंती व विकास बेरी यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, एकच जंतू चिकटला तरी हा बदल मोजता येतो. डीएनएच्या एका धाग्याला त्याचा जोडीदार धागा येऊन मिळाला, तरीही तो कळतो.

मात्र प्रयोगशाळेतील यश म्हणजे दवाखान्यातील तपासणी नव्हे. रक्तात वा लघवीत प्रथिने, क्षार, पेशी यांची गर्दी असते. तीतून नेमका जंतू निवडणे कठीण. तूर्त, ग्राफीन न वापरता, गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र क्षयजंतूचा डीएनए सुमारे तासाभरात ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू आढळतात. अशा वेळी बहुधा औषधाची गरज नसते. यंत्र कितीही सूक्ष्म झाले, तरी जंतू सापडणे आणि आजार असणे यांतील भेद डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

तोवर आपल्या हाती एवढे आहे: अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी नमुना द्यावा. तो मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत घ्यावा व लगेच लॅबमध्ये पोहोचवावा. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अचानक फरक पडला, तर कारण काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.