ठिपक्यांची शाळा

सेवानिवृत्तीनंतर वेळ हाती येतो, मन मात्र घड्याळालाच जुंपलेले राहते. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स व मारिया थॉमस यांनी ‘झेनटँगल’ नावाची रेखनपद्धती रूढ केली आहे. साडेतीन इंची चौकोनी कागद, एक लेखणी, मनःशांतीसाठी ओढलेल्या रेघा. आणि खोडरबर वर्ज्य! वाचून वाटले, हे तर आपल्याच अंगणातले.

म्हणून इंदूरच्या आमच्या ओसरीवर आम्ही रांगोळीचा वर्ग उघडला. शेजारच्या माळवी भाभी गेरूच्या सारवणावर पांढऱ्या खडीचा मांडणा शिकवीत. आमच्याकडे ७ ठिपके ७ ओळी आणि चैत्रांगण. जन्मभर शाळेत गणित शिकविलेले, तेव्हा हे अवघड ते काय?

पहिल्याच दिवशी एका आजींचा हात कापला, रेघ ठिपक्याला चुकवून गेली. आणि आम्ही जुन्या सवयीने ती पुसून टाकली. पुढे दोन आठवडे आजी फिरकल्याच नाहीत. अखेर आम्हीच त्यांच्या घरी गेलो. चहा पुढे करीत त्या म्हणाल्या, “बाई, चाळीस वर्षे रांगोळी घातली हो. आता हात ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. पुसून दाखवायला नको होते.”

उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून फडके घरातच राहते.

चैत्र शुद्ध तृतीयेला आजींनी चैत्रांगण रेखिले: सूर्य, चंद्र, शंख, गौरीचा पाळणा. कासव अंमळ तिरके उतरले. अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज काढावयाचे आहेच.