जुन्या ट्रॅक्टरला ऑईल कोणते घालावे?



रब्बीची मळणी उरकली की उन्हाळी नांगरटीआधी ट्रॅक्टरचे ऑईल बदलायची आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. पण दुकानात जाऊन "ट्रॅक्टरचं ऑईल द्या" एवढेच म्हणायचे आणि पुढे येईल तो डबा उचलायचा, हे काही बरे नव्हे. नव्या ट्रॅक्टरवाल्याला कंपनीचा माणूस तरी सांगतो. अडचण होते ती वीस-तीस वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरची. त्याचे पुस्तक कधीच गहाळ झालेले असते. एचएमटीचा ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांचे तर विचारूच नका. पिंजोरला १९७१ साली झेटरच्या धर्तीवर २५ अश्वशक्तीचा २५११ निघू लागला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभागच बंद करायचे ठरवले. ट्रॅक्टर मात्र आजही अनेकांच्या वावरात चालतो आहे. मग सल्ला कोणाचा घ्यायचा? बहुधा मिस्त्रीचा. आणि बरेच मिस्त्री सांगतात, "इंजिन जुनं झालंय, घट्ट ऑईल टाका."

हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि तो सरसकट पाळला तर हजारांच्या ऑईलपायी इंजिनाचे मोठे काम अंगावर येते. म्हणून आधी डब्यावर काय लिहिलेले असते ते पाहू.

डब्यावर दोन गोष्टी असतात, एक आकडा आणि एक अक्षर. '१५ डब्ल्यू ४०' किंवा '२० डब्ल्यू ४०' हा आकडा ऑईलच्या घट्टपणाचा. मागचा ४० हा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा सांगतो, तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान तितके ऑईल गारठ्यात लवकर धावते. पूर्वी पुस्तकात हिवाळ्यासाठी ३० नंबर आणि उन्हाळ्यासाठी ४० नंबर असे वेगळे लिहिलेले असे. आता १५ डब्ल्यू ४० हे एकच ऑईल दोन्ही ऋतूंत चालते. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे ते पातळ राहते आणि जळगावच्या मे महिन्यात तापलेल्या इंजिनात ४० नंबरइतके घट्ट राहते.

अक्षर आहे ते ऑईलच्या प्रतीचे. 'सी'ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनाची, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची. सीडी ही प्रत १९५५ सालची, सीएफ-४ १९९० ची, सीएच-४ १९९८ ची आणि सीआय-४ २००२ ची. जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात सीसी किंवा सीडी लिहिलेले असेल आणि दुकानात सीएफ-४ किंवा सीआय-४ मिळत असेल, तर बिनधास्त घ्या. पुढची प्रत मागच्या प्रतीचे काम करते. उलट मात्र करू नका.

येथेच पुष्कळांची फसगत होते. मोटारसायकलच्या ऑईलच्या डब्यावरही २० डब्ल्यू ४० लिहिलेले असते. घरात अर्धा डबा उरला आहे, नंबर तोच आहे, म्हणून तो ट्रॅक्टरमध्ये रिकामा केला जातो. आकडा तोच असला तरी अक्षर 'एस'चे असते. डिझेल जळताना जी काजळी होते ती पोटात धरून ठेवण्याची तयारी त्या ऑईलची नसते. काजळी चेंबरच्या तळाशी आणि रिंगांच्या खाचांत बसते. काही डिझेल ऑईलच्या डब्यांवर 'सी' आणि 'एस' दोन्ही असतात, ते चालते. नुसते 'एस' आणि '४टी' लिहिलेला डबा मोटारसायकललाच ठेवा.

आता घट्ट ऑईलचे. सिन्नरकडच्या एका गावी एका शेतकऱ्याच्या पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला निळा धूर येत होता. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. फिटरने इंजिन ऑईलमध्ये गिअरचे ९० नंबर ऑईल मिसळून दिले. धूर कमी झाला. मी काळजी बोलून दाखवली तर आमचे अण्णा म्हणाले, "साहेब, धूर तर गेला ना!" पुढच्या हंगामात रोटाव्हेटर चालू असताना ऑईलचा काटा खाली आला आणि इंजिन खडखडू लागले. उघडल्यावर बेअरिंगा खाल्लेल्या निघाल्या, क्रँक घासायला द्यावा लागला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली.

यातली मौज अशी की गिअर ऑईलचा ९० आणि इंजिन ऑईलचा ४० हे वेगवेगळ्या मापांचे आकडे आहेत. ९० नंबर काही ४० च्या दुप्पट घट्ट नसते. ते इंजिनाच्या ४० ते ५० नंबरच्या जवळपासच असते. पण त्यात दात्यांसाठी घातलेली औषधे तापलेल्या इंजिनात तांब्याच्या मिश्रणाच्या बेअरिंगांना बाधतात, आणि काजळी धुण्याचे औषध त्यात नसते. म्हणजे पदरात फारसे पडत नाही आणि नुकसान मात्र होते.

नुसते घट्ट इंजिन ऑईल घातले तरी सकाळी ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. इंजिनाची सर्वांत जास्त झीज सुरू करतानाच होते. झिजलेल्या रिंगा आणि लायनर ऑईलने भरून येत नाहीत. फार तर उन्हाळ्याच्या कामापुरते, डिझेलच्याच प्रतीचे २० डब्ल्यू ५० घालून हंगाम काढता येईल. मात्र तेवढ्या काळात किती ऑईल वर घालावे लागते ते लिहून ठेवा. माझा हिशेब असा: दोन बदलांच्या मध्ये चेंबरभर ऑईल वरून घालावे लागले, तर रिंगांचे काम पुढे ढकलू नये.

बदल केव्हा करायचा? पुस्तक असेल तर त्यातले तास पाळा. जुन्या ट्रॅक्टरचे तासांचे मीटर बहुधा बंदच असते. तेव्हा डिझेलवरून हिशेब ठेवा. तुमच्या ट्रॅक्टरला तासाला चार लिटर लागत असेल, तर दीडशे तास म्हणजे सहाशे लिटर. डिझेल आणले की वहीत टाका. हे काम घरातल्या शिकत्या मुलीकडे द्या, आपल्यापेक्षा ती चोख करील.

ऑईल काळे झाले म्हणून घाबरू नका. ते काजळी उचलते आहे, एवढाच त्याचा अर्थ. काळजी दुसऱ्या खुणांची करा. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाटीवर असताना पट्टी पाहा. ऑईल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. ऑईल न घालता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरते आहे. दोन्हींत ट्रॅक्टर तेथेच थांबवा. सोडलेले ऑईल बोटांत चोळून पाहा. चकाकणारे कण दिसले तर मिस्त्रीला दाखवा.

वर्षानुवर्षे सुट्या, हलक्या ऑईलवर चाललेल्या इंजिनात चांगल्या प्रतीचे ऑईल प्रथमच घालत असाल, तर पहिला बदल लवकर, निम्म्या तासांतच करा. आत साचलेला गाळ सुटून फिल्टर भरतो. फिल्टर प्रत्येक बदलाला नवा हवा. फिल्टरचे पैसे वाचवणारे पुष्कळ पाहिले, त्यात शहाणपण नाही.

आणि एअर क्लीनरची वाटी विसरू नका. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या धुळीत ती रोज पाहावी. तळाशी गाळ बसला असेल तर धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑईल घालावे. खुणेच्या वर घातले तर इंजिन ते ओढून घेते. धूळ आत गेली की उत्तमातले उत्तम ऑईलही कामाला येत नाही.

डबा सीलबंद घ्या, पावती घ्या, आणि रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरून कोणी विकणार नाही. जळके ऑईल जनावरांच्या अंगाला किंवा जखमेला लावू नका. ते चाटण्यात गेले तर विषबाधा होते. विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नका. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात धरले आहे. झाकणाच्या डब्यात साठवून तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे द्या. तेथून ते गोळा करणारे घेऊन जातात.