अणदूरचा समुद्र

हल्ली पुण्यात चार वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला 'ओशन थीम' नसेल तर आईबाप कुठेतरी कमी पडले असं धरतात. निळी जेली, चमकी, फोमचे मासे, आणि ते पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी. याला म्हणायचं 'सेन्सरी प्ले'. मुलाने हात घालायचा, चिवडायचं, वास घ्यायचा, कान लावायचा. कल्पनेला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो किटला, कारण तेच किट आता कुरियरने आमच्या अणदूरलाही पोचायला लागलंय.

आधी मण्यांचं बोलू, तो चेष्टेचा विषय नाही. मोहरीएवढा तो मणी म्हणजे पाणी शोषणारं पॉलिमर, डायपरमध्ये असतं त्याच जातीचं. पोराने गिळला तर आतड्यात फुगून बसतो, एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट यांनी मुलांसाठीचे म्हणून विकले जाणारे असे मणी विकणं बंद केलं. गुळगुळीत, निसटतं काहीतरी हवंच असेल ना, तर सब्जा घ्या. पूर्ण भिजलेला, कोरडा नाही. फालुद्यात खातोच की आपण!

आता मुद्द्याचं. अणदूर म्हणजे तुळजापूर तालुका, सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग सोडलं की आलंच. मुंबईचा समुद्र रस्त्याने साधारण साडेचारशे किलोमीटर. इथल्या बहुतेक पोरांनी तो टीव्हीतच पाहिलेला. त्यांच्यापुढे निळी जेली ठेवली तर ती जेलीच राहते, तिचा समुद्र होत नाही. समुद्राचं पाणी निळ्या रंगाने ओळखत नाहीत हो, खारटपणाने ओळखतात. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सहा-सात चमचे. तेवढं मीठ पोरांना स्वतःच्या हाताने विरघळवू द्या. बोट बुडवून जिभेला लावू द्या (प्यायला नाही!). मग ते पाणी काळ्या पाटीवर पसरून आमच्या मराठवाड्याच्या उन्हात ठेवा. पाणी उडून जातं, पाटीवर पांढरे, खरखरीत कण उरतात. मिठागर म्हणजे काय हे चार वर्षांच्या पोराला बोटाने कळतं, आणि वर्कशीट लागत नाही.

आणि गंमत बघा, समुद्र आमच्याकडे कधीचाच येऊन बसलाय. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवा. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर. एके काळी मालदीवहून जहाजं भरभरून कवड्या हिंदुस्थानात यायच्या, चलन म्हणून चालायच्या. पाठ काचेसारखी, पोटाला दातेरी फट. डोळे मिटून ओळखायला यापेक्षा चांगली वस्तू कुठलं किट देणार? देवघरातला शंख कानाला लावला की घुमतं. तो समुद्राचा आवाज नसतो, आजूबाजूचाच आवाज आत घुमत असतो, हे पोराला नंतर कधीतरी सांगा. घाई नाही. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती कवडी देऊ नका, ती आधी तोंडातच जाते.

हे शहाणपण माझं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी ती परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून उभी केली. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात शाळा नेली. आपल्या सरकारी 'अंगणवाडी'चं मूळ तिथे आहे. बोर्डीला समुद्र दाराशी, त्यामुळे तिथे शिंपले साहजिक. तेच तत्त्व अणदूरला लावायचं तर शिंपल्यांचं पाकीट ऑनलाइन मागवायचं नसतं, एवढं साधं लॉजिक आहे. पण आपण तत्त्व सोडून पाकीट उचलतो.

आणखी एक तक्रार. किटमधून तीस पोरांचे तीस मासे एकसारखे निघतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो झकास येतो, पण त्यातला निम्मा मासा ताईंनी चिकटवलेला असतो. ओल्या चिकणमातीचा दिला तर एकाचा मासा दुसऱ्याला म्हैस वाटेल. वाटू दे की!

माझ्या भाचीला मी समुद्र दाखवायला सुरुवात नळदुर्गच्या किल्ल्यापासून करणार आहे. पावसाळ्यात बोरी नदी भरली की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, अंगावर तुषार येतात, शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. तेच पाणी पुढे भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे आमचा समुद्र मुंबईचा नव्हेच, पूर्वेकडचा!

जाता जाता, सागरगोटे आजीच्या डब्यात नसतील तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. त्या बिया समुद्रात तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात.