ग्रंथालयात चित्रपट का नसावा?

आपल्या ग्रंथालयात बी. रघुनाथांची पुस्तके आहेत. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची पुस्तके आहेत, आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचे तर विचारूच नका. पण आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या घटनेवर बेतलेला एक महत्त्वाचा मराठी चित्रपट जर कोणी तेथे मागितला, तर मागणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले जाईल. चित्रपट? तो ग्रंथालयात कशाला?

मी म्हणतो तो चित्रपट म्हणजे 'आक्रीत'. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत मानवतमध्ये जे हत्याकांड घडले, त्यावर आधारलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि दिग्दर्शक म्हणून अमोल पालेकरांचा हा पहिला चित्रपट. साल १९८१. प्रमुख भूमिका स्वतः पालेकरांची व चित्रा पालेकरांची. फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे मानवतची कथा नांतच्या रसिकांनी पाहिली. मानवतच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी पाहिली आहे? वर्गात हात वर करायला सांगून पाहावे. मी स्वतः तो पाहिला तो एका मित्राच्या पेन ड्राइव्हवर. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. रात्रीच्या प्रसंगांत काळोखाशिवाय काही दिसत नव्हते, आणि ज्या चित्रपटाचा प्राणच काळोखात दडलेला आहे त्याची अशी प्रत पाहणे म्हणजे पाने चिकटलेली कादंबरी वाचण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, मानवतची ती बदनामी पुन्हा कशाला उकरता? ही भावना मी हलकी मानत नाही. मानवत ही कापसाची मोठी बाजारपेठ, कष्टाळू माणसांचे गाव. परगावी नाव सांगताच समोरच्याने 'ते खुनांचे मानवत का?' असे विचारावे, याचा कंटाळा आणि संताप तेथल्या माणसाला येणारच. परंतु आपण गप्प बसल्याने ती गोष्ट सांगायची थांबली आहे काय? २०२४ साली त्याच प्रकरणावर, तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकाच्या आधाराने, एक मालिका निघाली आणि घरोघरी मोबाईलवर पाहिली गेली. गोष्ट तर सांगितली जातच राहणार. प्रश्न एवढाच, की ती कशी सांगितली गेली हे तपासण्याचे साधन आपल्या हाती असावे की नसावे? १९८१ चा चित्रपट आणि २०२४ ची मालिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर एकाच घटनेकडे दोन काळ कसे बघतात, अंधश्रद्धेला कोण दोष देतो आणि सत्तेला कोण देतो, यावर समाजशास्त्राचा एक उत्तम निबंध होईल. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात हा विषय शिळा झाला असे तरी कोणी म्हणू नये.

माझा दुसरा मुद्दा मराठी विभागाच्या प्राध्यापकांसाठी आहे. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपण साहित्य म्हणून शिकतो, त्यावर टिपा लिहितो. त्याच तेंडुलकरांनी 'सामना' लिहिला, 'सिंहासन' लिहिला, 'उंबरठा' लिहिला. नाटक तेवढे साहित्य, आणि पटकथा म्हणजे करमणूक, हा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे? अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या कपाटात असतात. त्या दोन्हींतून जब्बार पटेलांनी १९७९ साली जो चित्रपट केला तो नसतो. शांता निसळ यांची 'बेघर' वाचून झाल्यावर 'उंबरठा' पाहणारा विद्यार्थी रूपांतर म्हणजे काय हे जितके शिकेल, तितके दहा व्याख्यानांतून शिकणार नाही. (व्याख्याने देणाऱ्यांनी राग मानू नये.)

आता मुख्य आक्षेप. 'अरे, सगळे मोबाईलवर आहे की! कपाट कशाला अडवता?' हा आक्षेप घेणारा माणूस सहसा चित्रपट शोधायला गेलेला नसतो. कालपरवाचे सगळे तेथे आहे, हे खरे. पण मासिक वर्गणी भरून जे दिसते ते आपले नसते. त्या कंपनीने ठराविक मुदतीचे हक्क घेतलेले असतात. मुदत संपली की चित्रपट यादीतून जातो, आणि कोणी निरोपही देत नाही. फुकट दिसणाऱ्या प्रतींचीही गत तीच. कोणी तरी चढवतो, कोणी तरी काढतो, मधल्या काळात कोणा तिसऱ्याने अर्धा तास कापलेला असतो. ग्रंथालयातले 'कोसला' रात्रीतून कोणी कपाटातून काढून नेले तर आपण चोरी म्हणू. चित्रपटाच्या बाबतीत आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही, कारण तो आपला असू शकतो ही कल्पनाच आपल्याला कोणी दिली नाही.

खरे तर मधल्या तीस वर्षांत ती संधी येऊन गेली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, त्यापाठोपाठ व्हीसीआर. आपल्याकडे तो विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे फार. गल्लीत वर्गणी काढायची, एका रात्रीत तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी यंत्र परत करायचे, ही आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीची दिवाळी होती. त्या घाईत संग्रह कोण करणार? पुढे व्हीसीडी आली. चित्र धूसर, एक चित्रपट दोन चकत्यांवर, कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह सदैव चिकटलेले. ते 'सामना'तल्या निळू फुल्यांच्या खांद्यावर बसले तरी कोणाला खंत नाही. मग डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चित्रपट वडापावाच्या हिशेबात आला. मराठी चित्रपटही या चकत्यांवर आले. पण ते पुस्तकासारखे जपण्याची बुद्धी आपल्या संस्थांना झाली नाही. चकत्या रस्त्यावरच्या गाड्यांवर विकल्या गेल्या, ओरखडल्या, रिक्षांच्या मागे चकाकीसाठी टांगल्या गेल्या. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचे व्हीसीआर बनवणे थांबवले. आता कॅसेट सापडली तर यंत्र सापडत नाही, आणि नव्या संगणकांत चकती घालायला फटच नसते.

ज्या देशांत संग्रहाची बूज आहे तेथे हेच माध्यम कोठे पोहोचले ते पाहावे. अमेरिकेत १९८४ साली क्रायटेरियन नावाची संस्था निघाली आणि तिने अभिजात चित्रपट ग्रंथाच्या संपादित आवृत्तीसारखे काढायला सुरुवात केली. मूळ मापाचे चित्र, जाणकारांचे विवेचन, सोबत टिपणे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या असताना १९९३ साली तेथे आग लागली. करपलेली, ठिसूळ झालेली रिळे अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहालयाने फेकून दिली नाहीत. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती हाताने सांधली, जेथे काहीच उरले नव्हते तेथे इतर प्रतींतून भर घातली, आणि २०१५ साली ते तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. आज निश्चिंदिपूरचा अपू आपण स्वच्छ पाहतो तो या खटाटोपामुळे.

आपल्या महाराष्ट्रातही असा खटाटोप करणारा माणूस होता, आणि तो जन्माने मल्याळी होता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, पी. के. नायर यांनी ते अक्षरशः रीळ रीळ गोळा करून उभे केले. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग आज पाहता येतात ते त्यांच्यामुळे. ते चांगला-वाईट असा भेद करत नसत. जे छापले गेले ते राहिले पाहिजे, असा त्यांचा खाक्या. त्यांना उशीर झालेला होता, हे दुर्दैव. मूकपटांच्या काळात हजारावर चित्रपट निघाले, उरले अगदी थोडे. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश', ज्यात शांतारामबापूंनी शेतकऱ्याची भूमिका केली, तो आज कोणीही पाहू शकत नाही. सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्याचा तो चित्रपट पाहण्याचा पहिला हक्क आपल्या मराठवाड्याचा होता, असे मला नेहमी वाटते. आणि आलम आरा? तोही गेला. जुन्या फिल्मवर चांदीचा अंश असे. चित्रपट वितळवून चांदी काढणारे लोक या देशात होते.

पुण्यात संग्रहालय आहे मग परभणीत कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की मुंबईत एशियाटिकचे ग्रंथालय असताना आपण येथे पुस्तके का घेतो? संग्रहालय मूळ प्रत जपते. वाचनाची प्रत गावोगाव लागते. फिल्म सोसायट्या मुंबईत झाल्या, प्रभात चित्र मंडळासारखी संस्था १९६८ पासून आहे. आपल्याकडे जे पोहोचले ते यात्रेच्या तंबूतून आणि दूरदर्शनवरून. आपल्यापर्यंत संग्रह पोहोचण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे घरात मावणारी ही चकती.

कायद्याची भीती घालणारेही भेटतील. त्यांनी कायदा वाचावा. महाविद्यालयाच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे चित्रपट दाखवायला आपला स्वामित्वहक्क कायदा मोकळीक देतो. शिवाय चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई'वरचा तो २०१३ अखेर संपला. 'आक्रीत' मात्र २०४१ अखेरपर्यंत हक्कदारांचा आहे, तेव्हा त्याची चांगली प्रत त्यांना पत्र लिहून रीतसर मागावी. चोरीच्या प्रतींवर संग्रह उभारू नये. त्या वाईट असतात हे कारणसुद्धा पुरेसे आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर फार लागत नाही. एक कपाट, एक चकतीवाचक यंत्र, दोन हार्ड डिस्क, एक दाखलनोंदीची वही. वहीत चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, साल, लांबी, उपशीर्षके आहेत की नाहीत, आणि प्रत कोठून आली हे लिहावे. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर व ध्वनिक्षेपकावर जेवढे जाते तेवढ्यात हे सारे बसावे. महिन्यातून एक शनिवार, एक चित्रपट, आणि नंतर अर्धा तास भांडण. प्राध्यापकांनी प्रास्ताविक दहा मिनिटांत आवरावे. आणि कपाटाला कुलूप असले तरी किल्ली विद्यार्थ्याला मिळावी. काही हौशी संग्राहक मी पाहिले आहेत, त्यांच्या चकत्यांवरचे प्लास्टिकसुद्धा निघालेले नसते.

पहिली दहा नावे कोणती, यावर खुशाल वाद व्हावा. माझ्या यादीत 'आक्रीत' पहिला, 'सामना' दुसरा, दामले-फत्तेलालांचा १९३६ चा 'संत तुकाराम' तिसरा आणि 'पथेर पांचाली' चौथा. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या व्हीसीडी, डीव्हीडी किंवा कॅसेट पडून असतील, विशेषतः मराठी चित्रपटांच्या, त्यांनी त्या भंगारात देण्यापूर्वी मराठी विभागात आणून दाखवाव्यात. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालून पाहू नये. बुरशी यंत्राला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही जाते.