निष्कर्षाची मर्यादा आणि भुकेचा हिशेब

वसई तालुक्यातील माणिकपूर हे एके काळी वाड्यांचे आणि विहिरींचे गाव होते. आज ते रेल्वे स्थानकालगतची दाट नागरी वस्ती झाले आहे. तेथील कामगार, रिक्षाचालक व छोटे नोकरदार यांच्या घरांतील तरुण-तरुणी स्पर्धा परीक्षांच्या मार्गाने सरकारी सेवेचा दरवाजा ठोठावीत आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ साली राज्यसेवा पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेची कसोटी घेणारा पेपर आणला. पुढे त्याचे गुण केवळ पात्रतेपुरते धरले जाऊ लागले आणि विद्यार्थ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. परंतु त्या पेपरातील एक प्रश्नप्रकार केवळ पात्रतेपुरता मानण्याजोगा नाही. एखाद्या पाहणीचा उतारा द्यायचा आणि त्यावरून कोणते अनुमान काढता येईल, कोणते येणार नाही, हे विचारायचे, असा तो प्रकार. पाहणी आरोग्याविषयी असली म्हणजे या प्रश्नाशी माणसांचे जगणे-मरणे बांधलेले असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्यात एवढेच म्हटले आहे की, माणिकपुरातील ज्या घरांत महापालिकेच्या नळाचे पाणी येते तेथील मुलांना जुलाबाचा त्रास कमी आढळला आणि ज्या घरांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागते तेथील मुलांना अधिक आढळला. टँकरचे पाणी दूषित आहे, हे अनुमान त्यावरून निघत नाही. नळ दिल्याने आजार घटेल, हेही निघत नाही. नळ असलेल्या घरांचे उत्पन्न, शौचालयाची सोय, आईचे शिक्षण, यांपैकी काहीही या फरकाच्या मुळाशी असू शकेल. पाहिलेल्या घरांत दोन गोष्टी बरोबरीने आढळल्या, एवढेच विधान टिकते. येथवर कोणतीही शिकवणी शिकवते. मात्र “टँकरच्या पाण्याचा जुलाबाशी संबंध नाही” हा पर्यायही तितकाच चूक आहे, यावर पुरेसा भर दिला जात नाही. सिद्ध न होणे निराळे आणि खोटे ठरणे निराळे. सत्तेवर बसलेल्यांना या दोहोंची गल्लत नेहमीच सोयीची वाटत आलेली आहे.

महाराष्ट्रात झालेल्या काही आरोग्य-अभ्यासांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांचीच होती आणि अशी तपासणी पूर्वी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

या आकड्यांचे दोन्ही बाजूंनी गैरवाचन होऊ शकते. सभेत बोलणारा कार्यकर्ता सहज म्हणून जातो की, भारतातील ९२ टक्के स्त्रिया रोगग्रस्त आहेत. तो चुकतो, दोन गावांवरून देशाचे प्रमाण सांगता येत नाही. उलट, “दोनच तर गावे” असे म्हणून जो अधिकारी अहवाल बाजूला सारतो, तोही चुकतो. स्त्रिया दवाखान्यात येत नाहीत, म्हणजे त्यांना आजार नाही, या समजुतीवर त्या काळची आरोग्यव्यवस्था ग्रामीण स्त्रीकडे प्रायः कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपुरतीच पाहत होती. ही समजूत खोटी ठरविण्यास दोन गावे पुरेशी होती. प्रमाण सांगण्यास जे अपुरे, तेच एखादा सार्वत्रिक दावा मोडण्यास पुरेसे असू शकते, हा तर्कशास्त्रातील साधा भेद येथे सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुसरा अभ्यास त्याच जिल्ह्यातला. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यासाठी गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३-९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गटात ६२ आणि दुसऱ्या गटात ५८ होते; म्हणजे दोन्ही गट जवळपास सारखेच होते. तिसऱ्या वर्षी पहिल्या गटातील प्रमाण २५.५ वर आले आणि तुलनेच्या गावांशी ताडून पाहता निव्वळ घट ६२.२ टक्के भरली. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. केवळ “आधी ६२, नंतर २५.५” एवढेच सांगितले असते, तर पाऊसपाणी बरे झाले असेल, रस्ता झाला असेल, अशा शंकांना उत्तर नव्हते. तुलनेच्या गावांनी ते उत्तर दिले. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही उणीव खरी. म्हणून इतरत्र पडताळा घेणे अवश्य होते. परंतु उणीव आहे म्हणून निष्कर्षच नाही, असे होत नाही. पुढे २०११ पासून घरी जाऊन नवजात बालकाची तपासणी करण्याचे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आले. त्या स्त्रियांना स्वयंसेविका म्हणायचे आणि नियमित वेतन नाकारायचे, याला मात्र कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही.

आकड्यावरून धोरणाकडे उडी कशी घेतली जाते, याचा सर्वांत बोधप्रद प्रसंग पुण्यातील वादाचा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांची कसोटी. तिच्या आधारे १९६०-६१ साली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे त्यांनी दाखविले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम केलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. सरासरी गरज म्हणजे किमान गरज नव्हे. निरोगी माणसांतही पुष्कळांची गरज सरासरीहून कमी असते, म्हणून सरासरीच्या खालचे सगळेच उपाशी असे म्हणता येणार नाही. ही हरकत तर्काला धरून होती. स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांवाचून नुसते धान्य अंगी लागत नाही, हे त्यांचे म्हणणेही मोलाचे होते.

मात्र ते तेथे थांबले नाहीत. एकाच माणसाचे खाणे दिवसागणिक कमी-जास्त होते आणि शरीर ते सांभाळून घेते, यावरून त्यांनी उपासमारीची रेषा बरीच खाली ओढली. या मांडणीला आधार म्हणून ब्रिटिश लष्करातील नवशिक्या सैनिकांवरील निरीक्षणे घेण्यात आली होती. ज्याच्यापुढे भरलेले ताट आहे आणि जो आज कमी व उद्या अधिक खातो, त्याच्या शरीरावरून वर्षानुवर्षे कमीच मिळणाऱ्या भूमिहीन मजुराविषयी अनुमान काढता येते काय? उताऱ्यातील माणसे एक आणि निष्कर्षातील माणसे दुसरी, अशी ही चूक आहे. शेतमजूर कमी अन्नावर जगतो हे निरीक्षण आहे. त्याला तेवढेच पुरते हा निष्कर्ष आहे. या दोहोंमध्ये त्याचे कमी झालेले काम, खुंटलेली उंची आणि वारंवारचे आजार लपलेले असतात. लहान चणीची माणसे निरोगीच असतात, असा सिद्धांत डेव्हिड सेक्लर यांनी पुढे मांडला, तेव्हा आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याला ठाम विरोध केला, तो याच कारणाने.

हा वाद इतिहासजमा झालेला नाही. माणिकपूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता आणि त्यानंतरही तेथील कुपोषणाच्या बातम्या येत राहिल्या. अशा वेळी सरकारी खुलासा ठरलेला असतो: मृत्यू न्यूमोनियाने झाला, जुलाबाने झाला, कमी वजनामुळे झाला, कुपोषणाने नव्हे. तर्काच्या परीक्षेत या उत्तराला शून्य गुण मिळावेत. तात्कालिक कारण सांगितल्याने मूळ कारण नाहीसे होत नाही. पाच वर्षांखालील बालकांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या आकड्यावरून एखादे विशिष्ट बालक कुपोषणानेच गेले असे सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तसेच, त्या बालकाच्या दाखल्यावर “न्यूमोनिया” असा शब्द आहे म्हणून भूक निर्दोष ठरत नाही, हेही शासनाने मान्य केले पाहिजे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांवर येथे विशेष जबाबदारी येते. गरिबांची बाजू न्याय्य आहे म्हणून तिच्यासाठी आकडा ताणला तरी चालेल, ही वृत्ती चळवळीला घातक ठरते. ताणलेला एक आकडा उघडा पडला की त्याच्याबरोबरचे दहा खरे आकडेही नाकारण्याची सबब विरोधकाला मिळते. म्हणून प्रत्येक पाहणी हाती आल्यावर काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत: कोणाला तपासले आणि कोण वगळले गेले? तुलना कोणाशी केली? बरोबरीने आढळलेल्या गोष्टींना कार्यकारण म्हटले आहे काय? निष्कर्षातील माणसे पाहणीतील माणसांहून निराळी आहेत काय? आणि त्या निष्कर्षाचा खर्च कोणाच्या ताटातून जाणार आहे? यातला शेवटचा प्रश्न तर्कशास्त्राचा नव्हे, राजकारणाचा आहे. पहिल्या चारांची उत्तरे दिल्यावाचून तो विचारू नये. आणि ती दिल्यावर तो विचारल्यावाचून राहू नये.

माणिकपुरातील परीक्षार्थींपैकी काही जण उद्या तहसीलदार होतील, गटविकास अधिकारी होतील. जव्हार-मोखाड्याचे अहवाल त्यांच्याच सहीने मंत्रालयात जातील. विधानापलीकडे अनुमान नेऊ नये आणि विधानात जे आहे ते दडपूही नये, हे दुहेरी बंधन त्यांनी सेवेत गेल्यावरही पाळावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार त्या तालुक्यांतील आईबापांना आहे. परीक्षेत चुकीच्या पर्यायाबद्दल काही गुण कापले जातात. अहवालातील चुकीच्या अनुमानाची किंमत मात्र ते लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाही, एवढे अभ्यासिकेत शिकविणाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.