मुलांच्या हातातला मोबाइल आणि आपली जबाबदारी

रात्रीचे बारा वाजून गेलेले असतात. घरातले दिवे बंद, पण पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड चालूच. सकाळी मूल उठत नाही, शाळेत पेंगतं, विचारलं तर चिडतं. आपण म्हणतो, 'या पिढीला शिस्तच नाही.' पण दोष फक्त मुलांचा आहे का?

वस्तुस्थिती पाहू या. एक रील संपली की बोट सरकवताच दुसरी सुरू होते. थांबायला जागाच ठेवलेली नाही, कारण आपण जितका जास्त वेळ पाहू, तितकी कंपनीची जाहिरातीची कमाई जास्त. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीला स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी खंत इन्स्टाग्राममुळे वाढते, असे कंपनीच्याच संशोधकांनी त्यात नोंदवले होते. २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनीही इशारा दिला. दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांसह मानसिक त्रासाचा धोका दुप्पट आढळतो, असे त्यांनी सांगितले.

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी घातली. १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. नियम मोडला तर दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण जन्मसाल खोटं टाकून खातं उघडणं मुलांना अवघड नाही. कित्येक घरांत तर ते खातं मोठ्यांनीच उघडून दिलेलं असतं!

म्हणून कायद्याइतकाच आम्हाला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग मोलाचा वाटतो. २०२२ पासून या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसू लागली, माणसं एकमेकांशी बोलू लागली. यातली खरी गोष्ट अशी की नियम सगळ्या गावाला होता. एकट्या मुलाचा मोबाइल काढून घेतला तर त्याला ती शिक्षा वाटते. सगळ्यांचाच बाजूला पडला की तो घराचा रिवाज होतो.

आपल्या मोहल्ल्यात हे का जमू नये? मगरिब ते इशा, एवढा वेळ तरी. पण सुरुवात मोठ्यांना करावी लागेल. दस्तरखानावर बसून अब्बाच व्हॉट्सअ‍ॅप चाळत असतील, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. तोवर आपला मोबाइल आपण खाली ठेवू, आणि समोर बसलेल्या लेकराला विचारू, 'आज दिवस कसा गेला, बेटा?'