रेघ कुणाची, किंमत कशाची?

(द्वितीय वर्ष, कला)

छंद पोट भरल्यावर सुचतात, असे आमच्या आळीत समजतात, आणि ते अगदीच खोटे नाही. त्यामुळे जपानी ॲनिमेशनपटांची हाताने काढलेली मूळ चित्रे जमवणाऱ्यांची बाजू मी घेऊ लागले, तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढले. प्लॅस्टिकच्या एका रंगवलेल्या तुकड्यासाठी हजारो रुपये मोजणे हा श्रीमंतांचा माज नव्हे काय, असा त्यांचा सवाल. मला तसे वाटत नाही. मात्र या संग्राहकांशी माझे एक भांडणही आहे.

मुळात ही वस्तू कोणती? ‘सेल’ म्हटले की आपल्याला टॉर्चचा सेल आठवतो. हा सेल म्हणजे काचेसारखा पारदर्शक ताव. नाव सेल्युलॉइडवरून पडले, पुढे तो ॲसिटेटचा होऊ लागला. मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या अवस्था पेन्सिलीने काढी. त्या कागदांना ‘गेंगा’ म्हणतात. मधल्या अवस्था दुसरे चित्रकार स्वच्छ रेघांत भरीत, ते ‘दोगा’. दोगावरची रेघ सेलवर उतरवायची आणि सेल उलटा करून मागून रंग भरायचा, म्हणजे पुढून रेघ झाकत नाही. तो पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून कॅमेऱ्याने टिपला, की त्याचे काम संपले. टीव्हीच्या मालिकांत काटकसर म्हणून सेकंदाला आठच चित्रांवर भागवीत, तरी एकेका भागाला ती हजारोंनी लागत. ‘अकिरा’ या १९८८ च्या चित्रपटाला तर एक लाख साठ हजारांहून अधिक सेल लागले.

एवढा ढीग ठेवायचा कुठे? स्टुडिओंना तो अडगळ वाटे. पुष्कळसा कचऱ्यात गेला, काही भेटीला आलेल्या चाहत्या पोरांना फुकट वाटला, काही दुकानांत विकला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणक आला आणि रंगवलेले सेल बंद होत गेले. १९६९ पासून चालत आलेली ‘साझाए-सान’ ही मालिका २०१३ पर्यंत सेलला धरून राहिली, तीच टीव्हीवरची शेवटची. आता नवा सेल होत नाही. जे वाचले त्यातले बरेचसे वाचले ते या वेड्यांच्या कपाटांत. जपानमध्ये अशा सामग्रीच्या जतनासाठी दिग्दर्शक हिदेआकी अन्नो यांच्या पुढाकाराने संस्था निघाली ती २०१७ साली! तोवर राखण केली ती हौशी माणसांनीच. एवढ्यासाठी तरी त्यांना हसू नये.

आता भांडण. लिलावाच्या याद्या पाहिल्या की कळते, भाव चेहऱ्याला असतो. नायिका समोर पाहते आहे, डोळे उघडे आहेत, तर किंमत चढते. पाठमोरी असेल तर उतरते. बोलण्याच्या दृश्यात तोंड पुष्कळदा वेगळ्या सेलवर काढलेले असते. ते हरवले असेल तर आणखी उतरते. गर्दीतल्या माणसांना कोण विचारतो! आणि एक गोष्ट तर मला फारच लागते. रंग पुरता वाळण्याआधी सेल गठ्ठ्यात रचले गेले, की मागचा दोगा रंगाला चिकटून बसतो. काही जण तो ओढून काढतात. कागद फाटतो, रंगाचे पोपडे निघतात, पण पुढून सेल छान दिसला म्हणजे झाले. अहो, ती पेन्सिलीची रेघही कुणी तरी खाली मान घालून काढली होती ना?

हे मला का लागते, ते सांगते. माझी आई विड्या वळते. मजुरी हजारामागे. तपासणारा वाकडी विडी छाटात काढतो, तिचे पैसे नाहीत. बंडलावर छाप कारखान्याचा. जपानमध्येही मधली चित्रे काढणाऱ्यांना आणि रंग भरणाऱ्यांना बहुधा नगावर पैसे मिळत, आणि रंगभरणीत बायकाच अधिक. त्यांतल्या एकीचे नाव जगाला ठाऊक झाले. मिचियो यासुदा १९५८ साली तोएईच्या स्टुडिओत लागल्या आणि पुढे घिब्ली स्टुडिओच्या कितीतरी चित्रपटांची रंगयोजना त्यांनी केली. बाकीच्यांची नावे फार तर श्रेयनामावलीत सर्रकन निघून जातात. असो.

आपल्याकडेही याचा एक धागा आहे. युगो साको यांनी जपानी चित्रकारांना आणि मुंबईच्या राम मोहन यांना बरोबर घेऊन काढलेला रामायणावरचा चित्रपट १९९२ चा. त्यासाठी सुमारे एक लाख सेल हाताने केले गेले. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा मी पाहिला. वानरसेना पडद्यावर आली तेव्हा बाकीचे रामाकडे पाहत होते. माझी नजर मागच्या रांगेतल्या वानरांवर खिळली होती. ती शेपटी कुणी रंगवली असेल?

म्हणून संग्राहकांनी सेलच्या कोपऱ्यातला क्रमांक आणि दृश्याचा आकडा नोंदवून ठेवावा, चिकटलेला दोगा तसाच राहू द्यावा आणि अधूनमधून चित्रे लोकांना दाखवावीत. नुसते कुलूप लावून भागत नाही. ॲसिटेट जुने झाले की त्याला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो, ताव आक्रसतो, आणि हवाबंद कोंडला तर लवकर सडतो. फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर टांगणारेही काही कमी शहाणे नव्हेत!

माझ्याजवळ यातले एकही चित्र नाही. शिष्यवृत्तीतून मेसचे पैसे भागले तरी पुष्कळ. पुढेमागे नोकरी लागली आणि घ्यायचेच ठरवले, तर गर्दीतल्या एखाद्या पाठमोऱ्या बाईचे, मागे दोगा चिकटलेले चित्र घेईन. ते स्वस्तही मिळते.